ताईची एमजीबी, भावाची स्पिटफायर: कोणती सरस हे ठरवायला खर्च किती?

आधी उत्तर सांगते, हिशेब नंतर मांडते. दोन्ही गाड्या चालत्या असतील आणि टायर चांगले असतील, तर ब्रिटनमध्ये ही तुलना दोघांत मिळून साधारण ४८५ ते ७१० पौंडांत नीट करता येते. दोन्ही गाड्यांचे टायर बदलावे लागले, तर त्यात ५६० ते ९६० पौंडांची भर पडते. बंद ट्रॅकवर एक दिवस घालवायचा असेल, तर आणखी ३०० ते ५०० पौंड धरावेत. हे कामांचे साधारण दर आहेत. गावानुसार आणि गॅरेजनुसार ते कमी-जास्त होतात, म्हणून प्रत्येक कामाचा दर आधी लेखी मागून घ्यावा.

उदाहरणासाठी जी जोडी घेतली आहे ती ब्रिटनमधल्या हौशी मालकांकडे सर्रास दिसते. ताईकडे १९७७ची एमजीबी रोडस्टर, धाकट्या भावाकडे त्याच वर्षाची ट्रायम्फ स्पिटफायर १५००. दोन्ही दोन आसनी आणि उघड्या टपाच्या. एमजीबी अबिंग्डनच्या कारखान्यातली, स्पिटफायर कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनलीची. १९६८पासून दोन्ही ब्रँड ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली आले आणि १९८० साली दोन्ही गाड्यांचं उत्पादन थांबलं. स्पिटफायरची सांगाडा-चौकट ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेली. तीच हेराल्ड मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड म्हणून तयार व्हायची, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीला या गाडीचं आजोळ ओळखीचं वाटेल.

माहितीपत्रकावर विसंबू नका

स्पिटफायरचं इंजिन १,४९३ सीसीचं, ७१ अश्वशक्तीचं. एमजीबीचं १,७९८ सीसीचं, त्या काळातल्या ब्रिटिश गाडीत ८४ अश्वशक्तीचं. दोन्ही आकडे डीआयएन पद्धतीचे. एमजीबीच्या आधीच्या वर्षांतल्या कागदांवर ९५ हा आकडाही छापलेला दिसतो. वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले आकडे शेजारी ठेवले की एमजीबी उगाच फार पुढे वाटते.

आता वजन बघा. स्पिटफायर सुमारे ८०० किलोची, एमजीबी सुमारे ९५० किलोची. टनामागे अश्वशक्ती काढली तर स्पिटफायरला ८९ आणि एमजीबीला ८८ येते. म्हणजे नव्या कोऱ्या असताना या दोघी वेगात जवळजवळ बरोबरीच्या होत्या. ताशी ६० मैलांचा वेग गाठायला दोघींनाही साधारण १२ ते १४ सेकंद लागतात. एमजीबीचा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे चढावर गिअर कमी बदलावे लागतात. स्पिटफायर हलकी, म्हणून वळणावर चपळ.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. पन्नाशीला टेकलेल्या अशा दोन गाड्यांत आज मोठा फरक दिसला, तर तो बहुधा मॉडेलचा नसून देखभालीचा असतो. तेव्हा पैसा आधी प्रकृतीवर खर्च करा, मग मोजणीवर.

आधी जीव, मग वेग

४० वर्षांपुढच्या गाडीला ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वर्गात नोंद करून घेता येते आणि मग रस्ताकर शून्य होतो. गेल्या ३० वर्षांत मोठे बदल झाले नसतील, तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची राहत नाही. तरीही ती स्वेच्छेने करून घ्यावी असा माझा ठाम आग्रह आहे. कारसाठी तिचं कमाल शुल्क ५४.८५ पौंड आहे, म्हणजे दोन गाड्यांचे १०९.७० पौंड. एवढ्या पैशांत ब्रेक, स्टिअरिंग, गंज, दिवे हे सगळं त्रयस्थ नजरेखालून जातं. तपासणीतून सूट मिळाली म्हणून गाडी सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी टळत नाही.

टायरची झीज नव्हे, वय पाहा. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. २३१४ म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. दहा वर्षं झाली असतील तर बदलाच. एका टायरला ७० ते १२० पौंड धरा.

स्पिटफायरच्या पुढच्या चाकांशी, खाली, ट्रनियन नावाचा आट्यांचा सुटा भाग असतो. त्यात ग्रीस नव्हे, ईपी ९० तेल भरायचं असतं. ग्रीस भरत राहिलं की आट्यांपर्यंत वंगण पोचत नाही, पाणी साचतं, झीज होते आणि एक दिवस सांधा तुटून चाक आत दुमडतं. तेलाला फार तर दहा-पंधरा पौंड लागतात. वेग मोजायला निघण्याआधी भावाने हे काम केलंच पाहिजे. ताईने एमजीबीच्या दारांखालचे सिल तपासावेत. एमजीबीला वेगळी चौकट नाही, तिची ताकद बॉडीतच आहे. सिल कुजलेले असतील तर वेगाची गोष्ट तिथेच थांबवावी.

घरच्या घरी करायच्या तीन तपासण्या

कॉम्प्रेशन गेज २० ते ४० पौंडांना, टायमिंग लाइट २५ ते ५० पौंडांना आणि दोन कार्बोरेटरचा श्वास जुळवायचं हवामापक ३० ते ५० पौंडांना मिळतं. तिन्ही मिळून ७५ ते १४० पौंड. हा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, कारण साधनं दोन्ही गाड्यांना चालतात.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून स्टार्टरने पाच-सहा फेऱ्या द्या. बॅटरी चार्ज असायला हवी, नाहीतर शेवटच्या सिलिंडरचा आकडा खोटा पडतो. चार आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत नको. एखादा सिलिंडर मागे पडला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे बघा. अर्ध्या तासात इंजिनाची कुंडली हाती येते.

दुसरी तपासणी स्पिटफायरसाठी, आणि ती फुकट आहे. १५०० इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर हा तिचा दुबळा भाग आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. एकाने क्लच दाबायचा आणि सोडायचा, दुसऱ्याने पुढच्या क्रँक पुलीवर नजर ठेवायची. पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे-मागे हलली, तर गाडी त्याच दिवशी थांबवा. वेळेत लक्षात आलं तर नवे वॉशर दहा-वीस पौंडांत मिळतात आणि इंजिन न उतरवता, खालचा सम्प काढून बसवता येतात. दुर्लक्ष केलं तर वॉशर निखळून खाली पडतात, क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खराब होतात आणि खर्च इंजिनाच्या किमतीवर जातो.

तिसरी तपासणी म्हणजे दोन्ही गाड्यांची सर्व्हिस: प्लग, पॉइंट, कंडेन्सर, तेल, फिल्टर, टायमिंग आणि एसयू कार्बोरेटरची जुळणी. स्वतः केल्यास प्रत्येकी ६० ते १०० पौंड. पॉइंटच्या फटीनंतरच टायमिंग आणि टायमिंगनंतरच कार्बोरेटर. क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. २०२१पासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई१० आहे. जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलना ते सोसत नाही, म्हणून पंपावरचं सुपर दर्जाचं ई५ भरा. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नसतील, तर शिशाच्या जागी घालायचं मिश्रणही टाका. १० ते १५ पौंडांची एक बाटली बरेच महिने पुरते. प्रत्येकी शंभर मैलांच्या चाचणीला दोन्ही गाड्यांना मिळून तीसेक लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोल आणि मिश्रण मिळून ६० पौंड धरा.

रोलिंग रोडवर काय विकत घेताय?

रोलिंग रोड म्हणजे गाडीची मागची चाकं रुळांवर फिरवून ताकद मोजणारं यंत्र. नुसत्या मोजणीला प्रत्येकी ६० ते १०० पौंड पडतात. मोजता मोजता कार्बोरेटरच्या सुया बदलून पूर्ण जुळणी करून घेतली, तर दीडशेपासून साडेतीनशे पौंडांपर्यंत खर्च येऊ शकतो. फोनवरच विचारून घ्या: दर कशाचा आहे, किती फेऱ्यांचा आहे आणि आलेख छापून मिळणार का?

यंत्र चाकांवरची ताकद मोजतं. इंजिनाची म्हणून जो आकडा सांगितला जातो तो त्यावरून काढलेला अंदाज असतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये बराच जोर खर्ची पडतो, तेव्हा माहितीपत्रकापेक्षा आकडा खूप कमी आला म्हणून घाबरू नका. तुलना चाकांवरच्या आकड्यांचीच करा. दोन्ही गाड्या एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकामागून एक न्याव्यात. वेगवेगळ्या गॅरेजांतले आलेख शेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही.

रस्ता, ट्रॅक आणि विमा

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा ब्रिटनमध्ये १९८८च्या वाहतूक कायद्याखाली गुन्हा आहे. पहाटेचा मोकळा रस्ता असला तरीही. वेळ मोजायचीच असेल तर बंद ट्रॅकवर किंवा धावपट्टीवरच्या ट्रॅक डेला जा. त्याचे प्रत्येकी १५० ते २५० पौंड होतात. हेल्मेट लागतं आणि आवाजाची मर्यादा असते. वेग गाडीच्या काट्यावरून नको, जीपीएसवरून मोजा. जुने काटे सहसा जास्त वेग दाखवतात. दोघांनी दोन्ही गाड्या चालवाव्यात, म्हणजे चालकाचं कसब आणि गाडीची ताकद वेगळी काढता येते. ओव्हरड्राइव्ह असेल तर चालू ठेवायचा की बंद हे आधीच ठरवा.

गाड्या अदलाबदल करण्याआधी विम्यावर दोघांची नावं आहेत का ते पाहा. विम्याविना गाडी चालवली तर ३०० पौंड दंड आणि परवान्यावर ६ गुण लागतात. क्लासिक गाडीचा विमा घेताना किंमत आधीच ठरवून लिहून घेतलेली असावी. ट्रॅकवरचं नुकसान अशा विम्यात बहुधा धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. लंडनमध्ये ऐतिहासिक वर्गातल्या गाडीला यूलेझ या प्रदूषण-नियंत्रण क्षेत्राचे १२.५० पौंड माफ आहेत, पण मध्यवर्ती भागातला गर्दीचा आकार भरावाच लागतो.

एकूण हिशेब, दोन गाड्यांचा

- सामायिक साधनं: ७५ ते १४० पौंड
- दोन सर्व्हिस: १२० ते २०० पौंड
- दोन एमओटी: १०९.७० पौंड
- रोलिंग रोडवर नुसती मोजणी: १२० ते २०० पौंड
- पेट्रोल आणि मिश्रण: ६० पौंड
- बेरीज: साधारण ४८५ ते ७१० पौंड
- गरजेनुसार आठ टायर: ५६० ते ९६० पौंड
- ऐच्छिक ट्रॅक डे: ३०० ते ५०० पौंड

पैसे कमी असतील तर ट्रॅक डे गाळा, मग रोलिंग रोड गाळा. टायर, ब्रेक आणि एमओटी मात्र कधीही गाळू नका.

भारतात अशी जोडी असेल तर

तपासण्या त्याच, नियम वेगळे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. आपल्याकडे आता ई२० पेट्रोल सर्वत्र आहे, त्यामुळे इंधनाच्या नळ्या, डायफ्रॅम आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवणं हे पहिलं काम समजा.

निकाल कसा वाचायचा?

समजा, स्पिटफायरने चाकांवर ५५ अश्वशक्ती दिली आणि एमजीबीने ५८. ताई जिंकली असं वाटेल. पण स्पिटफायर तिच्या मूळ ७१ पैकी ७७ टक्के ताकद चाकांपर्यंत पोचवते आहे आणि एमजीबी ८४ पैकी ६९ टक्केच. दोन्ही गाड्यांची रचना इतकी सारखी आहे की गिअरबॉक्समधली ताकदीची गळती दोघींना जवळपास सारखीच लागू होते. म्हणजे भावाची गाडी निरोगी आहे आणि ताईच्या गाडीत काहीतरी दडलं आहे. टायमिंग मागे असेल, कार्बोरेटरच्या सुया झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील. प्रत्येक गाडी तिच्या स्वतःच्या मूळ आकड्याशी ताडून पाहिली तरच या खर्चाचा उपयोग होतो.

म्हणून निघण्यापूर्वी दोघांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून सह्या कराव्यात: सामायिक खर्च निम्मा-निम्मा, चाचणीत काही तुटलं तर दुरुस्ती कोणाकडे, आणि शिल्लक राहिलेली रक्कम कुठे जाणार. तिसऱ्या कलमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शिल्लक पैसा टक्केवारीत मागे पडलेल्या गाडीच्या दुरुस्तीला जावा, मग ती कोणाचीही असो. पुढच्या वर्षी त्याच यंत्रावर पुन्हा मोजा. दोन्ही टक्केवाऱ्या जवळ आल्या असतील, तर पैसे सत्कारणी लागले.