बिल पास करणाऱ्याची किंमत ओळखा

बारावीचा निकाल लागला की ऐरोलीतल्या पालकांचे मला फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. ‘मुलाला कॉमर्स आवडतं, पण हिशेबाची कामं आता सॉफ्टवेअरच करणार म्हणतात. त्याला डेटा सायन्सला घालू का?’ ‘मुलगी अकाउंट्समध्ये पहिली येते, पण तिचा मामा म्हणतो, बीकॉम करून काय कारकुनी करायची आहे?’ ‘कर्ज काढून एआयचा कोर्स लावला तर?’

माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. ज्याला कोडिंगची मनापासून ओढ आहे त्याने ते जरूर शिकावं. पण ज्या मुलाचं डोकं हिशेबात चालतं, त्याला केवळ भीतीपोटी दुसऱ्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे. त्यातून एक नाखूश, मध्यम दर्जाचा प्रोग्रामर तयार होतो आणि एक चांगला हिशेबनीस हातचा जातो.

नेहमीच्या वाटा तुम्हाला ठाऊकच आहेत. चिकाटी असेल, आर्टिकलशिपची वर्षं काढायची तयारी असेल तर सीए उत्तमच. सीएमए आणि सीएसही तोलामोलाचे आहेत. बीबीए, बीएमएसला 2024 पासून सीईटी आहे, तिची तारीख चुकवू नका. बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील तर पदवीच्या पहिल्या वर्षापासून गणिताचा सराव ठेवा. यावर अधिक लिहीत नाही, कारण याची माहिती कुठेही मिळते.

ज्या वाटेबद्दल मला कोणीच विचारत नाही, ती तुमच्या दारावरून जाते. ऐरोलीतलं माइंडस्पेस, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचं पूर्वीचं पटणींचं आणि आताचं कॅपजेमिनीचं संकुल, ही नावं घेतली की पालकांच्या डोळ्यांसमोर फक्त कोडिंग येतं. पण आयटी पार्कांत देशोदेशीच्या कंपन्यांच्या हिशेबाची कामंही चालतात आणि त्यातलं एक मोठं काम म्हणजे अकाउंट्स पेएबल. कंपनीने ज्यांच्याकडून माल किंवा सेवा घेतली, त्यांची बिलं तपासायची, पास करायची आणि योग्य रक्कम योग्य वेळी योग्य खात्यात पोहोचवायची.

हे काम कसं चालतं ते जवळून पाहा. समजा, एका कंपनीने रबाळे एमआयडीसीतल्या वर्कशॉपला 100 व्हॉल्व्हची ऑर्डर दिली. ती ऑर्डर म्हणजे पीओ. गेटवर माल आला, स्टोअरने मोजून 96 नग जमा केले. ती पावती म्हणजे जीआरएन. बिल मात्र आलं 100 नगांचं. हे तीन कागद एकमेकांशी जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हा या खात्याचा पहिला नियम.

कागदी कारभारात हे बिल कुरिअरने यायचं, त्यावर इनवर्डचा शिक्का बसायचा, फाइल साहेबांच्या टेबलावर जायची आणि साहेब रजेवर असले की तिथेच पडून राहायची. वर्कशॉपचा मालक फोनवर फोन करायचा आणि त्याला एकच उत्तर मिळायचं : ‘प्रोसेसमध्ये आहे.’ कधी त्याच बिलाची झेरॉक्स पुन्हा यायची आणि एकाच मालाचे पैसे दोनदा जायचे.

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरने हा सगळा प्रवास बदलला. बिल आलं की सॉफ्टवेअर ते वाचतं, पीओ आणि जीआरएनशी ताडून बघतं आणि चार नगांचा फरक लगेच दाखवतं. तोच बिल नंबर पुन्हा आला तर अडवतं. मंजुरी साहेबांच्या मोबाइलवर जाते, त्यामुळे ते पुण्यात असोत की दुबईत, काम थांबत नाही. पुरवठादाराला पोर्टलवर आपलं बिल कुठे आहे ते दिसतं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसांना कुलपं लागली, तेव्हा ज्यांची बिलं कपाटात होती त्यांची पेमेंट अडकली. ज्यांचा कारभार क्लाउडवर होता त्यांच्या लोकांनी घरात बसून पैसे पोहोचवले.

‘मग माणूस कशाला हवा?’ असं तुम्ही विचाराल. चार नग का कमी आले, हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. ते दुसऱ्या टेम्पोने येणार आहेत? तुटले म्हणून परत पाठवले? की स्टोअरवाल्याने मोजण्यात चूक केली? त्यासाठी फोन उचलावा लागतो, स्टोअरशी आणि पुरवठादाराशी बोलावं लागतं. मग ठरतं : डेबिट नोट काढायची की पुढच्या जीआरएनची वाट पाहायची. हा निर्णय म्हणजेच नोकरी. सॉफ्टवेअरने टायपिंग काढून घेतलं, निर्णय घेणं माणसाकडेच ठेवलं आहे.

आणि निर्णय सोपे नाहीत, कारण मागे कायदा उभा आहे. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं, ऑगस्ट 2023 पासून ते 5 कोटींवर आलं. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात बिल दाखवलं नाही, तर खरेदीदाराला त्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिटही परत करावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योजकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत उलटून वर्षअखेरीस रक्कम थकलेली असेल, तर एप्रिल 2024 पासून त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहणं सक्तीचं आहे. आणि 2022 च्या नियमानुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. ‘क्लाउड’ म्हणजे काहीतरी हवेतलं असं समजणाऱ्या मुलांना मी सांगते, असे सर्व्हर ठेवणारी मोठी डेटा सेंटर ऐरोली, रबाळे, महापे याच पट्ट्यात उभी आहेत.

या खात्यात बेसावध माणूस किती महागात पडतो, तेही ऐका. 2013 ते 2015 या काळात लिथुआनियातल्या एका भामट्याने एका तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून मिळून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली. सॉफ्टवेअर त्यांच्याकडे काय कमी होतं? पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, खात्रीच्या नंबरवर फोन करून विचारणारा माणूस या खात्यात बसलेला असावा लागतो.

आता स्पष्ट सांगायच्या गोष्टी. नुसती एन्ट्री मारण्याच्या नोकऱ्या कमी होत जाणार. म्हणून फक्त डेटा एन्ट्री शिकवणाऱ्या क्लासवर एक रुपयाही घालू नका. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो, परदेशी कंपनीचं काम असेल तर शिफ्ट करावी लागते आणि महिनाअखेरीला उशीर होतो. पण दोन-तीन वर्षं मन लावून केलं तर पुढे जीएसटी रिकन्सिलिएशन, इंटर्नल ऑडिट, किंवा कंपन्यांत एसएपी, ओरॅकलसारखी सॉफ्टवेअर बसवून देण्याचं काम, अशी दारं उघडतात. या शेवटच्या कामात हिशेब पक्का असलेल्या माणसाला विशेष मागणी असते.

पालकांनो, ‘कारकून’ हा शब्द घरात वापरणं बंद करा. शेजारच्या मुलाचं पॅकेज सांगून आपल्या मुलाला खाली पाहायला लावू नका. कर्जाचे हप्ते तुम्ही फेडाल, पण न आवडणाऱ्या कामातली वर्षं त्यालाच काढावी लागतील. त्याने अकाउंट्स निवडलं म्हणजे तो हरला, ही तुमची समजूत आहे, बाजाराची नाही.

आणि मुलांनो, आवड खरी आहे का ते फी भरण्याआधी तपासा. ओळखीच्या दुकानातून किंवा वर्कशॉपमधून जीएसटीची दहा-वीस जुनी बिलं मागून घ्या. महाराष्ट्राचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो. विकणारा आणि घेणारा दोघेही 27 वाले आणि माल राज्यातच पोहोचलेला, तर सीजीएसटी आणि एसजीएसटी लागायला हवा. तरीही बिलावर आयजीएसटी दिसला तर तुम्हाला खटकतं का? आणि खटकल्यावर, माल माइंडस्पेसमधल्या सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपनीला गेला असेल तर कायद्याने तो आंतरराज्य व्यवहार धरला जातो, म्हणून आयजीएसटीच बरोबर, हे शोधून काढायला तुम्हाला मजा येते का? येत असेल तर टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट उतरवून घ्या, एक्सेलमध्ये पिव्होट आणि लुकअप पक्कं करा, इंग्रजीत चार ओळींचा नेमका मेल लिहायला शिका आणि सुट्टीत जवळच्या सीएच्या ऑफिसात बिलं तपासायला बसा. बीकॉम किंवा बीएएफ नियमित करा, ते सोडू नका.

कंटाळा आला तर तसं घरी सांगा आणि दुसरा रस्ता धरा, त्यात कमीपणा नाही. पण गोडी वाटली तर कोणाच्या मामाचंही ऐकू नका. रबाळ्यातल्या त्या वर्कशॉपचे कामगार पगारासाठी ज्या बिलाची वाट पाहतात, ते वेळेवर आणि अचूक पास करणारी माणसं या शहराला हवी आहेत.