सुरुंगाने नेलेला पाय आणि पुढची पन्नास वर्षे

युद्धाच्या बातमीत मृतांचा आकडा मथळ्यात असतो आणि जखमींचा त्याखाली, बारीक अक्षरांत. आपण तो वाचतो आणि पान उलटतो. पण जखमी माणूस पुढे जगतो. त्याला लागणारी मदत लढाई थांबली म्हणून थांबत नाही. ही मदत नेमकी कशी असते, हे आज अफगाणिस्तानच्या उदाहरणावरून पाहू.

१९७९ साली सोव्हिएत फौजा त्या देशात शिरल्या आणि १९८९ साली परतल्या. मागोमाग यादवी सुरू झाली. या काळात शेतांत आणि पायवाटांवर पेरलेले सुरुंग जमिनीतच राहिले. गुरे राखणारा मुलगा असो की सरपणाला गेलेली बाई, ज्याचा पाय पडेल त्याच्याखाली सुरुंग फुटतो.

ही जखम साध्या अपघातासारखी नसते. स्फोट खालून वर होतो. माती, गवत, चपलेचे तुकडे आणि हाडाचे कण स्नायूंच्या थरांतून वर घुसतात. बाहेरून फक्त पाऊल गेलेले दिसते, पण घाण पोटरीपर्यंत पोचलेली असते. म्हणून युद्धक्षेत्रातला शल्यचिकित्सक निर्जीव झालेले मांस काढतो, जखम भरपूर पाण्याने धुतो आणि तिला लगेच टाके घालत नाही. चार-पाच दिवसांनी जखम स्वच्छ दिसली तरच ती शिवतो. घाईने शिवलेल्या घाण जखमेत हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताचे व गँगरीनचे जंतू अशाच जागी वाढतात.

आपल्याकडे मळणी यंत्रात हात सापडला किंवा ट्रॅक्टरखाली पाय आला, तरी नियम हाच. डॉक्टरांनी जखम उघडी ठेवली म्हणून नातेवाईक रागावलेले मी अनेकदा पाहिले आहेत. वाचकहो, तो निष्काळजीपणा नव्हे, तो उपचारच आहे.

जखम भरली की दुसरा टप्पा येतो. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने १९८८ साली काबूलमध्ये कृत्रिम अवयवांचे केंद्र सुरू केले. अल्बर्टो कैरो हे इटालियन भौतिकोपचारतज्ज्ञ १९९० साली तिथे गेले आणि पुढची तीसहून अधिक वर्षे त्यांनी त्याच कामात घालवली. सुरुवातीला केंद्र फक्त युद्धात जखमी झालेल्यांसाठी होते. पण दाराशी पोलिओ झालेली मुलेही येत, पाठीचा कणा मोडलेले लोकही येत. अपंगत्व कशाने आले हे विचारून मदत नाकारणे योग्य नाही, हे ओळखून केंद्राने पुढे सर्वांना दार उघडले. दुसरे पाऊल त्याहून मोठे होते. कृत्रिम पाय बनवणारे, चालायला शिकवणारे असे केंद्रातले जवळजवळ सर्व कर्मचारी स्वतः अपंग आहेत. नव्याने पाय गमावलेल्या माणसाला जो धीर अशा शिक्षकाकडे पाहून येतो, तो औषधाने येत नाही.

आता हिशेब पाहा. मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावा लागतो. वाढत्या मुलाला तो सहा महिन्यांत ते वर्षात अपुरा पडतो. शिवाय मुलांच्या तुटलेल्या पायातले हाड कातडीपेक्षा लवकर वाढते, त्यामुळे कधी कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. दहा वर्षांच्या मुलाला साठीपर्यंत वीसपंचवीस पाय लागतात. एकदा शिबीर भरवून पाय वाटले, फोटो काढले आणि सगळे परत गेले, तर ते मूल वर्षभरात पुन्हा कुबड्यांवर येते. म्हणून पाय जवळपास बनला पाहिजे, तिथेच दुरुस्त झाला पाहिजे आणि परवडला पाहिजे.

तो त्या माणसाच्या राहणीलाही जुळला पाहिजे. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट याच विचारातून जन्मला. तो लावून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, मांडी घालता येते. पुढे तो अफगाणिस्तानातल्या जखमींपर्यंतही पोचला. आपल्या पुण्यातले कृत्रिम अवयव केंद्रसुद्धा दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ साली सुरू झाले.

काबूलमध्ये जे शिकवतात, ते मधुमेहाने किंवा अपघाताने पाय गमावलेल्या आपल्या घरच्या माणसालाही लागू आहे :

१. उरलेल्या पायाखाली उशी ठेवू नये. तशाने सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. डॉक्टरांना विचारून रोज थोडा वेळ पालथे झोपावे.

२. रोज रात्री तो भाग साबणाने धुऊन कोरडा करावा. खालची बाजू आरशात पाहावी. लाली, फोड किंवा चीर दिसल्यास ती बरी होईपर्यंत कृत्रिम पाय लावू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

३. नसलेल्या पायाची बोटे दुखतात असे रुग्ण म्हणाला तर त्याला वेडा ठरवू नये. ही वेदना खरी असते आणि तिच्यावर उपचार आहेत.

४. पाय सैल झाला, टोचू लागला, तर चिंध्या कोंबू नयेत. जिथे बनवला तिथे नेऊन दुरुस्त करून घ्यावा.

५. घरात बसवून ठेवू नये. झेपेल ते काम लवकर हाती द्यावे.

तेव्हा अपंगांना मदत म्हणून देणगी देताना संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा : हा पाय मोडला, तर पुढच्या वर्षी दुरुस्तीला कुठे न्यायचा? ज्या संस्थेकडे याचे उत्तर तयार असेल, तिला अवश्य द्या.