छोट्या कॅमेऱ्याचे आकडे कसे वाचावेत?

कॅमेरा विकत घ्यावयाचा म्हटला की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘किती मेगापिक्सेलचा?’ हा. दुकानदारही तोच आकडा पुढे करतो. वास्तविक माहितीपत्रकात अनेक आकडे दिलेले असतात. आणि चित्राचा कस ज्यांवर विशेषेकरून अवलंबून असतो, ते बहुधा बारीक अक्षरांत असतात. आईवडिलांनी काटकसरीने साठविलेले पैसे खर्च होण्यापूर्वी ते आकडे आपणांस वाचता आले पाहिजेत. त्यासाठी गुणाकार, भागाकार व वर्ग एवढेच गणित पुरे आहे.

उदाहरणादाखल खिशात मावणारे दोन कॅमेरे घेऊ. सोनी कंपनीचा आरएक्स१०० हा २०१२ साली निघाला. कॅनन कंपनीचा इक्सस २८५ एचएस हा २०१६ साली. दोहोंच्या माहितीपत्रकांत मेगापिक्सेलचा आकडा एकच आहे : २०.२. मग दोन्ही सारखेच म्हणावयाचे काय?

प्रथम मेगापिक्सेल म्हणजे काय ते पाहू. डिजिटल चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. सोनीच्या चित्रात आडव्या ओळीत ५४७२ व उभ्या ओळीत ३६४८ ठिपके असतात. गुणाकार सुमारे दोन कोटी येतो. आता ६ इंच × ४ इंच आकाराचे छायाचित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापावयाचे झाल्यास १८०० × १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. दोन कोटींचा हा जेमतेम नववा हिस्सा! घरच्या संग्रहासाठी ठिपक्यांची उणीव सहसा पडत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

उणीव पडते ती प्रकाशाची. भिंगातून आलेला प्रकाश ज्या चिमुकल्या पट्टीवर पडतो तिला संवेदक म्हणतात. पावसात अंगणात एक वाटी व एक परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात परातीत अधिक पाणी साचते. संवेदकाचेही तसेच आहे. सोनीचा संवेदक १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर आहे. कॅननचा ६.१७ × ४.५५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर. पहिला दुसऱ्याच्या चौपटीहून किंचित मोठा झाला. (पहिल्यास ‘एक इंची’ म्हणतात, परंतु त्याचा कर्णही सुमारे १६ मिलिमीटरच भरतो. हे नाव दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेरानळ्यांच्या मापांवरून चालत आले आहे.)

आता भिंगाकडे वळू. भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागले असता येणारी संख्या ‘एफ’ या अक्षरापुढे लिहितात. ती जितकी लहान, तितका प्रकाश अधिक. आणि तो तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. झूम न करता सोनीचा आकडा एफ/१.८ आहे, कॅननचा एफ/३.६. भागाकार २, त्याचा वर्ग ४. संवेदकाची चौपट व भिंगाची चौपट मिळून सोनीस तेवढ्याच वेळात सुमारे सोळापट प्रकाश मिळतो. मेगापिक्सेल मात्र दोहोंचे सारखेच!

याचा परिणाम स्नेहसंमेलनाच्या रात्री दिव्यांच्या मंद उजेडात दिसतो. प्रकाश अपुरा पडला की कॅमेऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. झडप अधिक वेळ उघडी ठेवावी, तर नाचणाऱ्या मुलीचे हातपाय पुसट होतात. आयएसओचा आकडा वाढवावा, तर मिळालेला दुबळा संकेत वाढविला जातो. पण प्रकाश काही वाढत नाही, आणि चित्रावर दाणे उमटतात.

तथापि एवढ्यावरून दुसरा कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. त्याचे नाभीय अंतर ४.५ पासून ५४ मिलिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे झूम बारापट. सोनीचे १०.४ पासून ३७.१ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनपट. भर उन्हात दूरच्या फांदीवरील पक्षी टिपावयाचा असेल, तर कॅननच सोयीचा. मात्र ‘डिजिटल झूम’ या शब्दाने भुलू नये. त्यात भिंग काहीच करीत नाही. चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो. दुप्पट डिजिटल झूम केल्यास मूळ ठिपक्यांपैकी चौथा हिस्साच उरतो.

तात्पर्य, माहितीपत्रक हाती येताच क्रम असा ठेवावा : प्रथम संवेदकाची लांबीरुंदी पाहून क्षेत्रफळ काढावे; मग एफचा आकडा पाहावा; नंतर भिंगाचा झूम; आणि मेगापिक्सेल सर्वांत शेवटी. त्यापूर्वी एक प्रश्न घरातच विचारून घ्यावा. आपणांस छायाचित्रे अधिक कोठे काढावयाची आहेत, उन्हात की दिव्याखाली? याचे उत्तर ठरले, म्हणजे कोणत्या आकड्यासाठी पैसे मोजावयाचे तेही ठरते.