व्यालेली सशाची मादी व पिल्लांची निगा

सशाच्या पैदाशीत बरेचसे नुकसान पहिल्या पंधरवड्यात पिल्ले दगावल्याने होते. थोड्या काळजीने ही मरतूक कमी करता येते.

मादीचा गाभणकाळ साधारण 30 ते 32 दिवसांचा असतो. नर दाखविल्याची तारीख लिहून ठेवावी. 27 व्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी पेटी ठेवून तीत मऊ वाळलेले गवत घालावे. मादी स्वतःचे केस उपटून त्यावर अंथरते. कुत्री-मांजरे जवळ येऊ देऊ नयेत. घाबरलेली मादी पिल्ले तुडवते.

गिनीपिगची पिल्ले केसाळ व उघड्या डोळ्यांची जन्मतात. सशाची मात्र उघडी व आंधळी असतात. त्यांचे डोळे 10 ते 12 दिवसांनी उघडतात. तोवर पेटी उबदार व कोरडी ठेवावी.

मादी दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटे पाजते. ती जवळ बसत नाही म्हणून पिल्ले टाकली असे समजू नये. रोज सकाळी पिल्लांची पोटे पाहावीत. गोल पोट म्हणजे दूध मिळाले. सुरकुतलेले पोट म्हणजे पिल्लू उपाशी. असे पिल्लू त्याच सुमारास व्यालेल्या, थोडी पिल्ले असलेल्या मादीखाली सोडावे.

दुभत्या मादीला लसूणघास, खुराक व भरपूर पाणी द्यावे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात छपरावर पाचट घालून भोवती ओले गोणपाट बांधावेत. पिल्ले पाच-सहा आठवड्यांनी तोडावीत.

2019 मध्ये करारावरील कडकनाथ कोंबडीपालनात या भागातील अनेकांचे पैसे अडकले. म्हणून विक्रीची खात्री करूनच माद्या वाढवाव्यात.