बीटी वांगे आणि लक्ष्येतर जीव : जोखीम कशी जोखावी?

दशमुळातील बृहती (डोरली) व कंटकारी (भुईरिंगणी) ही दोन्ही द्रव्ये वांग्याच्याच सोलॅनम प्रजातीतील आहेत. त्यामुळे जनुकीय परिवर्तित वांग्याचा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा नसून आम्हां वैद्यांचाही आहे. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यास १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने संमती दिली. पुढे नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या व ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून हे वांगे शेतात आहे.

या वांग्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मृदाजीवाणूचे जनुक घातलेले असते. त्यापासून तयार होणारे क्राय१एसी प्रथिन शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीच्या क्षारधर्मी आतड्यात क्रियाशील होते, विशिष्ट ग्राहकांना चिकटते आणि आतड्याच्या भित्तीस छिद्रे पाडते. ही अळी लक्ष्य होय. मधमाशी, ढालकिडा, गांडूळ, फुलपाखरू हे लक्ष्येतर जीव. त्यांना असणारी जोखीम पुढील क्रमाने तपासावी.

१) विषाक्तता व संपर्क : वत्सनाभ कपाटात आहे एवढ्याने रुग्णास बाधा होत नाही, मात्रा पोटात जावी लागते. येथेही तोच न्याय. १९९९ मध्ये अमेरिकेत बीटी मक्याचे पराग खाऊ घातल्यावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या प्रयोगशाळेत दगावल्या. २००१ मधील शेतपातळीवरील अभ्यासांत मात्र बहुतेक वाणांचे पराग अळ्यांच्या खाद्यपानांवर घातक प्रमाणात पडत नाहीत असे दिसले. एका वाणाचे पराग खरोखरच विषारी होते. म्हणून प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासणे अवश्य आहे.

२) परीक्षणाचे टप्पे : प्रथम प्रयोगशाळेत जादा मात्रा, नंतर बंदिस्त जाळीत, शेवटी शेतात. मधमाश्यांवरील २५ अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणात बीटी प्रथिनांमुळे अळ्यांच्या वा प्रौढ माश्यांच्या जगण्यावर दुष्परिणाम आढळला नाही. परंतु हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतील होते, हे विसरू नये.

३) तुलना कशाशी : न फवारलेल्या वांग्याशी व फवारलेल्या वांग्याशी, दोहोंशी तुलना हवी. वारंवार मारलेली कीटकनाशकेही मित्रकीटक मारतातच.

४) दूरगामी परिणाम : चीनमध्ये बीटी कपाशीवर फवारण्या घटल्यावर मिरिड ढेकूण वाढले. आपल्याकडे २०१७ मध्ये विदर्भात शेंदरी बोंडअळीने बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले. अळी प्रतिकारक्षम झाली की फवारे परततात आणि लक्ष्येतर जीवांना मिळालेले संरक्षण संपते.

५) जनुकसंक्रमण : वांग्यात स्वपरागण अधिक, तरी माश्यांमुळे परपरागणही होते. निकटच्या रानवांग्यांशी संकर सहज होतो. कंटकारीसारख्या दूरच्या जातींशी तो बराच कठीण. परंतु अळीप्रतिकारक जनुक रानवांग्यात एकदा स्थिरावले तर ते परत बोलावता येत नाही. औषध बंद करता येते, बीज नव्हे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या विकृतीने जनपदोद्ध्वंस होतो असे प्रतिपादिले आहे. व्याधी होण्यापूर्वीच देशपरीक्षण करावे, हा त्यातील बोध आम्हांस येथे उपयोगी वाटतो. कोकणात बांधावरची, कुंपणाकडेची डोरली आजही दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील वैद्यांनी आपापल्या परिसरातील डोरली, रिंगणी व रानवांगी कोठे आहेत, फुलोरा केव्हा येतो, त्यांवर कोणते कीटक येतात याची नोंद आतापासून ठेवावी. पूर्वस्थितीची नोंद नसेल तर उद्या बदल झाला की नाही, हे कोणासही सांगता येणार नाही. अशा नोंदी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांसमोर ठेवता येतील. भय वा भरवसा, दोन्ही परीक्षेनंतरच धरावेत. इत्यलम्.