फ्री डिशची छत्री घरीच लावायची तर

डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. खर्च छत्रीचा, सेट-टॉप डब्याचा आणि लावणाऱ्याच्या मजुरीचा. त्यातली मजुरी वाचवता येते. ६० सेंटिमीटरची छत्री, तिच्यासमोर बसून लहरी पकडणारा एलएनबी, आरजी-६ केबल, पाना, ओळंबा, मोबाइलमधलं होकायंत्र एवढं पुरे. शिवाय टीव्हीसमोर बसून आकडे सांगणारं कुणीतरी हवं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर छत्री ७५ ते ९० सेंटिमीटरची घ्या. जोराच्या पावसात उपग्रहाच्या लहरी विरतात, मोठी छत्री थोडा जास्त वेळ तग धरते.

उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं तर साधारण १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. नागपुरातून हेच आकडे सुमारे १४५ आणि ६०. इतक्या उंचावर असल्याने समोरची इमारत सहसा आड येत नाही, पण माडाच्या झावळ्या हमखास येतात. होकायंत्र बघताना लोखंडी पाइप आणि पत्र्यांपासून चार पावलं दूर उभे राहा.

आधी छत्रीचा पाइप. ओळंबा दोन बाजूंनी लावून तो काटकोनात उभा आहे याची खात्री करा, नाहीतर छत्रीवरच्या अंशांच्या पट्टीला अर्थ उरत नाही. पट्टी ५९ वर आणून बोल्ट हाताने आवळा. आता छत्री बरीच खाली, समोरच्या घराच्या गच्चीकडे बघतेय असं वाटेल. वाटू द्या. ही छत्री तिरक्या बनावटीची आहे. तिचा पृष्ठभाग जिथे रोखलेला दिसतो त्याच्या बऱ्याच वरून लहरी येतात. डोळ्यांवर विसंबून ती वर उचलली की काम फसलंच.

मग एलएनबी. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण तो सरळ बसवला तरी काहीतरी दिसतंच. पुण्या-मुंबईत उपग्रहाच्या उभ्या लहरी आपल्याला जवळपास ४५ अंश कललेल्या मिळतात, म्हणजे उभं-आडवं यांच्या बरोबर मध्ये. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे बघा आणि एलएनबी घड्याळाच्या काट्याच्या उलट तेवढाच फिरवा. सरळ असताना केबलचं टोक सहावर असेल, तर आता ते साडेचारच्या जागी येईल. नागपूरला ३३ अंश पुरतात.

केबल जोडताना डबा बंद ठेवा, तिच्यातून एलएनबीला वीज जाते. मग मेनूत एलएनबी ‘युनिव्हर्सल’, ९७५०/१०६००. फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्ही, सिम्बॉल रेट २९५००.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थच्या पट्टीकडे ढुंकूनही बघू नका. केबल जोडली की ती चढतेच, छत्री भलतीकडे असली तरी. क्वालिटी हा एकच आकडा खरा. छत्री १३२ च्या अलीकडून सुरू करून बोटभर सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. डब्याला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, घाईने फिरवलं तर उपग्रह ओलांडून जातो. ‘शून्य... शून्य... चाळीस!’ ऐकू आलं की हात तिथेच. एवढ्या फेरीत काही मिळालं नाही तर उंची एक अंशाने बदलून तीच फेरी पुन्हा. शेजारीच, ९५ अंशांवर, दुसऱ्या कंपनीचा उपग्रह आहे, म्हणून चॅनल शोधून दूरदर्शन लागतंय ना ते बघून घ्या.

आकडा सर्वात जास्त जिथे येतो तिथे एलएनबी किंचित मागे-पुढे वळवून बघा, बरेचदा आणखी थोडं हाती लागतं. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच पुरा आवळला की छत्री ओढली जाते आणि आकडा पडतो. एलएनबीच्या जोडाला टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून घरात न येता बाहेरच ठिबकेल.