शरीराची अक्षरे

मुलांनो, आपले केस, नखे, स्नायू आणि रक्ताला लाल रंग देणारे हिमोग्लोबिन या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे प्रथिने.

प्रथिन ही एक लांब साखळी असते. अमिनो आम्ले या तिच्या कड्या होत. मोजक्या अक्षरांतून हजारो शब्द बनतात, तशीच वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून शरीरातील हजारो प्रथिने बनतात. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन अवघ्या ५१ अमिनो आम्लांचे आहे. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला. त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रमाला फार महत्त्व आहे. उर्दूत एक नुक्ता वरून खाली आला, तर ‘खाली’चे ‘जाली’ होते. प्रथिनांचेही तसेच आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेल या आजारात त्यांपैकी फक्त सहावे आम्ल बदललेले असते. आईवडील दोघांकडूनही हा दोष आला, तर मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आपल्या राज्यात गडचिरोली, नंदुरबार या भागांत असे रुग्ण आढळतात.

वीसपैकी नऊ अमिनो आम्ले आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. दूध, अंडी, मासे व मांस यांत ही नऊही पुरेशी असतात. पण ज्या घरी हे पदार्थ रोज परवडत नाहीत, त्यांनी काय करावे? तांदूळ व गहू यांत लायसिन कमी असते; ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते. ते धान्यातून मिळते. म्हणूनच डाळ-भात, डाळ-रोटी, खिचडी हे साधे जेवण एकमेकांची उणीव भरून काढते. वाढत्या वयात ताटात नुसता भात किंवा नुसती रोटी नको. सोबत डाळ हवीच.

शब्दार्थ : आटोक्यात – काबूत, विळा – गवत कापण्याचे वाकडे पाते, उणीव – कमतरता.

स्वाध्याय
१. प्रथिनांना साखळी का म्हटले आहे?
२. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनमध्ये कोणता बदल झालेला असतो?
३. डाळ व भात एकत्र का खावेत?